दिवेलागणीपर्यंतचं पदक

गोव्याला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गडहिंग्लजकडची माणसं आधी डोळे मिचकावतात आणि मग विचारतात, "समुद्र कसा होता?" मी तीन दिवस गोव्यात राहून आलो आणि समुद्र पाहिला नाही. दारूचा थेंब घेतला नाही. फोटो काढला नाही. हे ऐकल्यावर आमच्या पारावर माझी जी काही पत होती ती गेली. तेव्हा नेमकं काय केलं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

कारण साधं होतं. डिचोलीला माजी सैनिकांचा मेळावा भरणार होता आणि लढाईत शौर्यपदक मिळवलेल्यांचा सत्कार व्हायचा होता. हे सगळं जुळवणारे कॅप्टनसाहेब आमच्याच पलटणीतले, निवृत्तीनंतर डिचोलीत घर बांधून राहिलेले. त्यांचं मला पत्र आलं: "धारगळच्या विश्रामला तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. तू जा आणि त्याला पदकासकट घेऊन ये." फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, पण पत्र वाचताना मी उभा राहिलो होतो, असं आमच्या सौभाग्यवती सांगतात.

हा विश्राम म्हणजे विश्राम परब, पेडणे तालुक्यातला. पूर्वेच्या लढाईत भाताच्या एका खाचरात माझ्या मांडीत गोळी शिरली, तेव्हा यानेच मला पाठीवर टाकून बांधापलीकडे नेलं. समोरून मशीनगन चालू होती. गुडघाभर चिखलात तो चालत होता आणि मध्येच त्याने मान वळवून विचारलं होतं, "पाय दुखता?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "फट सांगू नको." खोटं बोलू नको म्हणाला, आणि पुढे चालत राहिला.

त्याच कामगिरीसाठी त्याला पदक मिळालं. तेव्हा मी इस्पितळात पाय टांगून पडलो होतो. पुढे त्याची दुसरीकडे नेमणूक झाली आणि आमची गाठच पडली नाही. दर दिवाळीला मी पत्र लिहायचो. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही, एकदाही 'घरी ये' म्हटलं नाही. ज्याने जीव वाचवला त्याच्यावर रागावू नये हे मला कळतं, पण माझ्या मनात अढी बसली होती. तरी एक इच्छा होतीच: ते पदक एकदा त्याच्या छातीवर बघायचं आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकायचा. पाय दिवसेंदिवस आखडत चालला होता. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं.

धारगळ, बुधवार

आंबोलीचा घाट वळणावळणाने उतरलो. सावंतवाडीला बस बदलून पत्रादेवीचा नाका ओलांडला, आणि गोवा लागला हे मला बसमधल्या भांडणावरून कळलं. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला होता, कोकणी राजभाषा झाली होती, आणि दोन्ही गोष्टी अजून नव्या होत्या. माझ्या पुढच्या बाकावर दोघे म्हातारे त्यावर हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणत होता मराठी, दुसरा म्हणत होता कोकणी. गंमत म्हणजे मराठीवाला कोकणीत भांडत होता आणि कोकणीवाल्याच्या मांडीवर मराठी वर्तमानपत्र होतं. धारगळच्या आधीच्या थांब्यावर दोघे एकत्रच उतरले आणि एकाने दुसऱ्याची पिशवी धरली.

त्यांच्यामागोमाग मीही उतरलो, एक थांबा आधीच. कंडक्टरने "धारगळ" म्हटलं आणि मी घाई केली. मग हायवेच्या कडेने, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात गुळाची ढेप घेऊन, लंगडत निघालो. उजव्या हाताला शेतं होती. भात निघालेल्या जमिनीत अळसांद्यांचे, म्हणजे चवळीचे, वेल पसरले होते, आणि पलीकडच्या टेकडीवर काजू मोहरला होता. आमच्याकडे या दिवसांत गुऱ्हाळाचा वास येतो. इथे काजूच्या मोहराचा येत होता, आणि तो दुखऱ्या पायालाही जरा पुढे ढकलत होता.

विश्राम अंगणात पालापाचोळा गोळा करत होता. केस पांढरे झाले होते, अंग काठीसारखं. त्याने मला पाहिलं, खराटा भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "आयलो? बस."

मधे इतकी वर्षं गेली होती, आणि हा माणूस 'बस' म्हणाला, जणू मी सकाळी म्हापशाला जाऊन परत आलो होतो.

मी ओसरीवरच्या खुर्चीत बसलो. तिथे खुर्चीला 'कदेल' म्हणतात. त्याची बायको सुमती पाणी घेऊन आली आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "हेच ते भावोजी?" विश्रामने मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, माझी मिशी बघून हसू आलं असेल.

"माझी पत्रं पोचली का रं?" मी सरळ विचारलं.

"पावली. सगळी आसात."

"मग उत्तर?"

"जेव आदी," तो म्हणाला.

जेवायला उकड्या तांदळाचं शीत म्हणजे भात, बांगड्याचं हुमण म्हणजे आमटी, आणि तळलेल्या तिसऱ्या होत्या. आमचा हात तांबड्या रश्श्यावर बसलेला. माशाला काटे असतात हे विसरून मी मोठा घास घेतला. पुढची दहा मिनिटं माझ्या घशाची शोभा झाली. वहिनींनी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला. विश्राम शांतपणे म्हणाला, "गोळयेन मेलो ना, बांगड्यान मरतलो." एवढ्या वर्षांची मैत्री, आणि त्याचा पहिला विनोद तो.

जेवणानंतर मी कॅप्टनसाहेबांचं पत्र काढलं आणि हुकमाच्या सुरात वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हांव येतां. पूण पदक म्हजें न्हय."

"म्हंजे? विकलंस की काय?"

"देवीचें आसा."

तेव्हा उलगडा झाला. लढाईत, मी पाठीवर असताना, त्याने गावच्या देवीला आंगवण केली होती. आंगवण म्हणजे आपला नवस. त्यामुळे पदक हातात पडल्यावर रजेवर येऊन त्याने ते देवळात वाहिलं. आता ते देवीच्या दागिन्यांच्या पेटीत, लाल फडक्यात असतं. दसऱ्याला देवीची तरंगं, म्हणजे साड्या नेसवलेले उंच खांब, बाहेर निघतात, तेव्हा ते पदक तरंगाच्या साडीवर लावतात. गावातल्या निम्म्या पोरींना तो देवीचाच एखादा जुना अलंकार वाटतो.

आमच्याकडे पदक आलं की ट्रॅक्टर सजतो, हलगी लागते, फेटे बांधतात आणि सत्काराच्या कमानीवर सरपंचाचा फोटो जवानापेक्षा मोठा असतो. हा माणूस ते फडक्यात गुंडाळून देवीला देऊन आला आणि पुन्हा नांगर धरला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तितकाच वैतागही आला.

"मग मागून घेऊ दोन दिवसांसाठी," मी म्हणालो.

"मागूं येता," तो म्हणाला. "दिवप न दिवप तिच्या हातात."

देऊळ, गुरुवार

सकाळी पोदेराच्या सायकलच्या भोंप्याने जाग आली. पोदेर म्हणजे पाववाला. त्याच्या टोपलीतल्या कोंड्याच्या गरम पोळ्यांना, म्हणजे तिकडच्या चपट्या पावांना, पातळ भाजी लावून मी चार खाल्ल्या. वहिनी पाचवी वाढत होत्या, पण देवळात जायचं होतं.

देऊळ लहान, कौलारू, पुढे दगडी दीपमाळ. बाबल गुरव, सगळ्या गावाचे बाबल मामा, वाट बघत उभे होते. सत्तरीचे, कमरेला पंचा, आवाज मात्र परेड ग्राउंडवर शोभेल असा. इथे देवीला प्रश्न विचारायची रीत अशी: फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, जमीन, घराचा पाया, सगळं असंच विचारतात. गावचं कमांड ऑफिस म्हणायला हरकत नाही.

आता माझा दोष कबूल करतो. गाऱ्हाणं काय घालायचं ते मी बाबल मामांना सांगितलं. सांगितलं म्हणजे, रजेच्या अर्जासारखं लिहूनच नेलं होतं: विषय, कारण, मुदत, परत करण्याची हमी, खाली कॅप्टनसाहेबांचं नाव. मामांनी कागद उलटसुलट पाहिला, बाजूला ठेवला आणि आपल्या पद्धतीने सुरुवात केली: "गे माये, लेकरू दारात आयलां…" मी मधेच म्हणालो, "दोन दिवसांत परत करू, हेही सांगा." मामांनी तेही घातलं.

पाकळ्या चिकटून होत्या. कुठेतरी भारद्वाज ओरडत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग डावी पाकळी टप्पकन पडली.

"ना," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात कसलाही खेद नव्हता.

मी फौजेतला हवालदार, नकार मिळाला की वरच्या ऑफिसात जायचं एवढंच शिकलेला. पण देवीच्या वर कोण असतं ते मला माहीत नव्हतं. विश्रामच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मशीनगनसमोर मी त्याला असा पाहिला नव्हता.

मामांनी त्याला विचारलं, "विश्राम, आंगवण कितें आशिल्ली? सगळी सांग."

विश्राम दाराकडे बघायला लागला.

"सांगा ना," दारातून सुमतीवहिनी म्हणाल्या. "तुमी ना सांगशात जाल्यार हांव सांगतां." आणि त्यांनी सांगितलं. पदक द्यायचं हा नवसाचा अर्धाच भाग होता. चिखलात तो देवीला म्हणाला होता, 'हाका जितो ठेव. माका कितेंय मेळ्ळें तर तें तुजें. आनी हाका हांव तुज्या पांयांकडे हाडटां.' जो वाचला त्याला स्वतः घेऊन येईन. पदक त्याने दिलं. मला मात्र कधीच आणलं नाही.

"इतकी वर्सां," वहिनी म्हणाल्या, "दर दसऱ्याक ह्यांका न्हीद ना."

"अरे, एक कार्ड टाकायचंस," मी म्हणालो. "मी रांगत आलो असतो."

विश्रामने मान वर केली. "तुका बोलावलो आसतो तर तुका दिसतलें, विश्राम उपकाराची याद करून दिता. तें माका नाका आशिल्लें. तूं आपणून येतलो म्हणून हांव रावलो."

मी आपणहून येईन म्हणून तो थांबला होता, आणि मी, तो बोलावत नाही म्हणून रुसून, घरी बसलो होतो. दोघांच्या मानापायी एक नवस तुंबला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

वहिनींनी पुढे होऊन माझ्या हातात नारळ दिला. देवीपुढे वाकायचं तर माझा गुडघा दुमडत नाही. देवळात गेलो की मी उभ्यानेच हात जोडतो, आणि लोकांना वाटतं हवालदार ताठ आहे. विश्रामने मागून माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला सावकाश खाली बसवलं. पाय बाजूला पसरून, तिरका होऊन मी कपाळ टेकलं. थंड फरशीवर निर्माल्याचा वास होता. देवीला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

मामांनी पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी मी तोंड बंद ठेवलं. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "माये, उशीर जालो पूण लेकरू हाडलां…" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. मामा स्वतः जरासे दचकले.

मग मुदतीचा प्रश्न. दोन दिवस? डावी. एक दिवस, उद्या दिवेलागणीपर्यंत? उजवी.

"दिवो लागचे आदी पदक देवळात," मामांनी मला बजावलं, विश्रामला नव्हे. माणसं ओळखण्यात गुरव हुशार असतात.

डिचोली, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये माणसांपेक्षा कोंबड्या, केळीचे घड आणि मिरच्यांची पोती जास्त होती. विश्राम पांढरा शर्ट घालून उभा होता आणि दोन्ही हात छातीवर धरून पदक सांभाळत होता. सकाळी वहिनींनी ते लावताना विचारलं होतं, कुठल्या बाजूला. मी म्हणालो, स्वतःचं पदक डावीकडे, वडिलांचं किंवा आज्याचं असेल तर उजवीकडे. वहिनी म्हणाल्या, "देवीची डावी म्हणजे ना, आनी तुमच्या फौजेची डावी म्हणजे हय?" मागची पिन गंजली होती, म्हणून त्यांनी आपल्या पदराची पिन काढून लावली.

म्हापसा स्टँडवर गाडी बदलली. दहा मिनिटं हाताशी होती, तेवढ्यात बाजाराच्या तोंडाशीच मी आल्याचं खाजं आणि काजू घेतले. डिचोली जवळ आली तशी झाडांची पानं लाल होत गेली. खाणीचे ट्रक एकामागून एक, त्यांची धूळ घरांवर, वडांवर, म्हशींच्या पाठींवर. मी धोतर नेसून आलो होतो याचा तिथे पश्चात्ताप झाला.

शाळेच्या सभागृहात कॅप्टनसाहेब दारातच उभे होते. विश्रामने सॅल्यूट केला. साहेबांनी परत केला आणि मग त्याला मिठी मारली. आत सगळे जुने जवान, कोणाचा ब्लेझर घट्ट, कोणाची टोपी सैल, पदकं मात्र चकचकीत घासलेली. विश्रामचं एकट्याचंच कुंकवाचा डाग असलेलं.

कार्यक्रम दहाचा होता. प्रमुख पाहुणे पणजीहून यायचे होते. अकराला निरोप आला, निघतायत. एकला निरोप आला, निघाले. आम्हाला बटाट्याची भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, मिळाले, चहा मिळाला, शाळेच्या मुलींचं स्वागतगीत तीनदा ऐकायला मिळालं. साडेतीनला पुन्हा निरोप आला, आत्ता खरोखर निघाले. विश्राम खिडकीतून उन्हाकडे बघत बसला होता. ऊन समोरच्या भिंतीवर चढत होतं, आणि ते जितकं वर जाई तितका त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे जाई.

साडेचारला तो उठला. "साब, हांव वतां."

"पाच मिनिटं, विश्राम. शाल यायची आहे."

"साब, शाल माका नाका. दिवे लागतले."

साहेबांना काही कळेना. मी पुढे होऊन देवी, पाकळी, मुदत, सगळं चार वाक्यांत सांगितलं. साहेबांनी ऐकलं, घड्याळ पाहिलं, स्टेजवरच्या मोठ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग माईकपाशीही न जाता जागेवरूनच ओरडले, "परेड, सावधान!"

सगळं सभागृह उभं राहिलं. काठ्या खाली पडल्या, गुडघे वाजले, कोणाची खुर्ची उलटली. मुली गाणं थांबवून उभ्या राहिल्या. साहेब स्वतः विश्रामसमोर आले आणि मानपत्र नाही, शाल नाही, नुसतं त्याचं नाव, हुद्दा आणि त्या खाचरातली गोष्ट मोठ्याने सांगितली. शेवटी म्हणाले, "ज्याला त्याने आणलं तो इथे उभा आहे," आणि बाजूला झाले.

मग मी सॅल्यूट केला. पाय जुळवताना कळ मस्तकात गेली, पण कोपर बरोबर होता, बोटं बरोबर होती. त्याच्या छातीवर पदक होतं, पदराच्या पिनेने लटकलेलं. मी ते नीट पाहून घेतलं. विश्रामने सॅल्यूट परत केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पुरो. चल."

बसने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. कॅप्टनसाहेबांनी आपली जुनी जीप काढली. जाताना मेळाव्याच्या सेक्रेटरीला म्हणाले, "पाहुणे आले तर चहा पाजा." उभ्या जन्मात मी असं पाहिलं नव्हतं: नाईक हुद्द्याचा विश्राम पुढच्या सीटवर पाहुण्यासारखा आणि कॅप्टन स्टिअरिंगवर. मागच्या बाकावर मी आणि माझी काजूची पिशवी, प्रत्येक खड्ड्याला दोघांपैकी एक खाली. असनोड्याला एका ट्रकमागे अडकलो. कोलवाळच्या पुलावर आलो तेव्हा सूर्य नदीच्या पाण्याला टेकायला आला होता, आणि साहेबांनी वयाला न शोभणारा वेग घेतला.

देवळापुढे उतरलो तेव्हा बाबल मामा समईत तेल घालत होते. वात अजून कोरडी होती. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी सुस्कारा टाकला आणि सगळ्यात आधी आपली पिन परत मागितली.

विश्रामने पदक काढलं, लाल फडक्यावर ठेवलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. "तूं ठेव," तो म्हणाला. मी ते देवीच्या पायांशी ठेवलं. मामांनी समई लावली. कॅप्टनसाहेब बूट काढून, टोपी काखेत धरून मागे उभे होते.

बाहेर आल्यावर विश्राम दीपमाळेच्या कट्ट्यावर बसला. इतका सैलावून बसलेला मी त्याला या तीन दिवसांत पाहिला नव्हता. शेतांवरून धूर तरंगत होता, कोणीतरी गुरं घरी आणत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पाय दुखता?"

"दुखतो रं," मी म्हणालो. "लई दुखतो."

त्याने बाजूला सरकून मला जागा केली.